सिल्लेवानी घाटात जनरेटरची ट्रॉली ओढताना गाडी गरम होऊन राहिली, नेमकं काय बघू?

झगमग_लायटिंग · १२ मे, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. आपला मंडप-लायटिंगचा धंदा आहे, नागपुरात. लग्नसराईत ६२.५ केव्हीएचा जनरेटर ट्रॉलीवर चढवून पिकअपच्या मागं ओढतो. गाडी डबल केबिन पिकअप, अडीच लिटर टर्बो डिझेल, ६३ हॉर्सपॉवर, बीएस-४, चाललेली १ लाख ८४ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अख्खा धागा त्याच भांडणात जाईल.

दुखणं असं आहे. छिंदवाड्याच्या रस्त्यावर नागपूर, सावनेर, सौंसर, काही त्रास नाही. काटा मधोमध. रामाकोना सोडून सिल्लेवानी घाट लागला की चार-पाच मिनिटांत काटा वर सरकायला लागतो आणि वरच्या वळणापर्यंत लाल पट्टीच्या तोंडाशी. मागच्या रविवारी तर कूलंटच्या बाटलीतून उकळी बाहेर आली. दुपारचे तीन, घाटात सावली नाही, चाळीस मिनिटं उभे. तिकडं छिंदवाड्यात नवरदेव घोड्यावर बसला अन् जनरेटर इकडं. पार्टीनं पैसे कापले ते वेगळंच.

गंमत म्हणजे वर उमरानाल्याच्या सपाटीला लागलो की दहा मिनिटांत काटा परत मध्ये. जसं काही झालंच नाही.

आतापर्यंत केलेलं: पहिल्या मेकॅनिकनं थर्मोस्टॅट (रेडिएटरकडं जाणाऱ्या पाण्याची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, म्हणे आपल्याकडच्या गर्मीत लागतच नाही. दुसऱ्यानं वॉटर पंप बदलला. तिसरा म्हणतो रेडिएटर टाका. चौथा म्हणतो हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याचं डोकं यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवू, ३८ हजार. २४ तारखेला परत छिंदवाड्याचीच ऑर्डर आहे. काय करू?

तर्री_पोहे · १२ मे, रात्री ११:३२

सौंसरला थांबून जामसावळीच्या मारुतीला नारळ फोड भाऊ. तो मारुती निवांत पहुडलेला आहे, तुझी गाडीही दोन घटका तशीच आडवी कर. 😄

मजाक सोड, नागपूरकरांचा लोचा हाच आहे. आपल्याकडं घाट म्हणजे मोक्षधामजवळचा घाट रोड. तो सपाट. त्यामुळं गाडीची खरी परीक्षा होतच नाही.

खंबाटकी_चढलेला · १३ मे, सकाळी ८:०५

पुण्याहून लिहितोय. ६३ हॉर्सपॉवरच्या पिकअपला एवढी ट्रॉली लावायचीच कशाला? सरळ छोटा ट्रक भाड्याने घ्या. ट्रॉलीचं वेगळं रजिस्ट्रेशन आहे का, हाही प्रश्न आहेच.

झगमग_लायटिंग · १३ मे, सकाळी ८:४०

ट्रॉलीचं पासिंग आहे, कागद गाडीत असतात. आणि ट्रकचं भाडं दिलं तर मला उरते फक्त माळेतली बल्बं.

निवृत्त_फिटर · १३ मे, सकाळी ९:२०

मी हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपात ३१ वर्षं काढली. चार मेकॅनिकांनी चार पार्ट सांगितले, पण तुम्हाला प्रश्न किती जणांनी विचारले? मला वाटतं एकानंही नाही. गाडी गरम कधी होते, हे आधी नीट ऐकायचं असतं. पाना त्यानंतर.

कमी वेगात, चढावर गरम होते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड, तर हवा कमी पडते. पंखा, फॅन क्लच, जाळीत अडकलेला कचरा. हायवेवर ८० ने गेल्यावर गरम होते पण गावात ठीक, तर पाणी कमी फिरतंय. रेडिएटर आतून क्षारानं भरलेला, पंपाची पाती झिजलेली, खालचा पाइप ओढीनं चपटा होणारा. आणि रिकामी असो भरलेली असो, चढ असो उतार असो, मनाला येईल तेव्हा गरम, तर गळती, एअर लॉक (पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा) किंवा हेड गॅस्केट.

तुमचं दुखणं पहिल्या खणात बसतं. पण बसतं म्हणजे तेच आहे असं नाही. म्हणून ही उत्तरं द्या:

चढताना कोणता गिअर, इंजिनाचे फेरे किती? एसी चालू होता का? घाटात पंख्याचा मोठा घूं घूं आवाज येतो का? बाटलीतलं पाणी दर आठवड्याला कमी होतं का? समोर क्रॅश गार्ड, जादा दिवे, जाळी काही लावलंय का? कूलंट कोणतं, पाणी कुठलं? आणि ट्रॉलीला ब्रेक आहेत का, असले तर घाट चढल्यावर तिच्या चाकांना कधी हात लावून पाहिलात का?

शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. त्याचंही उत्तर द्या.

झगमग_लायटिंग · १३ मे, दुपारी २:१५

काका, धन्यवाद. एकेक सांगतो.

गिअर तिसरा. फेरे १४००-१५०० असतील. आमचा पोट्टा म्हणतो दुसऱ्यात टाकली की इंजिन ओरडतं, डिझेल खातं. एसी चालू. आता तुम्ही विचारलं म्हणून आठवलं, पंख्याचा असा काही मोठा आवाज मी घाटात ऐकलेला नाही. बाटलीतलं पाणी एरवी कमी होत नाही, उकळलं तेव्हाच गेलं. समोर क्रॅश गार्ड आहे, दोन गोल एलईडी आहेत, आणि किडे येऊ नयेत म्हणून ग्रिलच्या आतून मच्छरदाणीची जाळी लावली आहे. कूलंट हिरवं, पाणी गोडाऊनच्या बोअरचं. ट्रॉलीला ब्रेक आहेत, दांड्यावर दाब आला की लागणारे. चाकाला हात लावून पाहिला नाही कधी.

निवृत्त_फिटर · १३ मे, दुपारी २:५०

मच्छरदाणी. वा.

मेकॅनिकल_गडी · १३ मे, रात्री ९:३०

व्हीएनआयटीत मेकॅनिकल इंजिनीअरिंग करून राहिलो, म्हणून हिशोब मांडतो. चुकलं तर काका रागावतीलच.

पिकअप साधारण १.७ टन, माणसं-केबल-सामान ०.६, ट्रॉली जनरेटरसकट १.९. एकूण ४.२ टन. चढ १०० मीटरला ५ मीटर धरला, वेग ताशी ४० किलोमीटर. निव्वळ एवढं वजन वर उचलायलाच २३ किलोवॅट लागतात. टायरच्या घर्षणाला ७, हवेला २. झाले ३२. हीच गाडी ट्रॉलीविना सपाट रस्त्यावर ४० ने चालली तर सगळं मिळून ६ किलोवॅटच्या आसपास. म्हणजे घाटात पाचपट काम.

आता डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळ एक हिस्सा चाकाला मिळतो, एक धुराबरोबर जातो आणि एक पाण्यात उतरतो. म्हणजे जेवढं काम, साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरनं बाहेर फेकायची. ३० किलोवॅट! घरचा गिझर २ किलोवॅटचा असतो. पंधरा गिझर एकदम चालू आहेत असं समजा, आणि समोरून वारा मात्र सायकलवाल्याला लागतो त्याहून थोडा जास्त.

त्यात मे महिना. पाणी ९५ डिग्री आणि हवा ४५, फरक फक्त ५०. जानेवारीत हवा २० असती तर फरक ७५. रेडिएटरची ताकद या फरकावर चालते, म्हणजे तोच रेडिएटर मे महिन्यात एक तृतीयांशानं लहान झाला असं म्हणा. हिवाळ्यातल्या लग्नांना त्रास झाला नाही नं?

झगमग_लायटिंग · १३ मे, रात्री १०:०२

नाही! डिसेंबरात दोनदा हाच घाट चढलो, काही नाही. मला वाटलं पार्ट नंतर बिघडला.

मेकॅनिकल_गडी · १३ मे, रात्री १०:१०

बिघडलेला तेव्हाही असेल. थंडीनं सांभाळून घेतलं.

संत्रावाला_काटोल · १४ मे, सकाळी ६:५०

राम राम. माह्या ट्रॅक्टरचं सांगतो. कळमन्याले संत्रा घेऊन जाताना गरम होये. रेडिएटर बदलला, पाच हजार गेले, तरी तेच. मंग एक दिवस तोंडावरची जाळी काढली तर रेडिएटरच्या अंगावर गव्हांड्याची गादी! गव्हाच्या काढणीत थ्रेशरजवळ उभा होता नं तो. समोरून पाहिलं तर सारं साफ दिसे. गादी होती आतल्या बाजूनं.

तुमच्या गाडीत एसी हाय. एसीची जाळी पुढं, रेडिएटर मांगं, दोन्हीच्या मधात बोटभर फट. थे फट पाह्यली का कोणी?

निवृत्त_फिटर · १४ मे, सकाळी ९:००

काटोलकर, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. समोरून टॉर्च मारून रेडिएटर पास करणारे मेकॅनिक कंडेन्सर, म्हणजे ती एसीची जाळी, पाहतात, रेडिएटर पाहतच नाहीत.

झगमग, आता क्रम सांगतो. पैसे लागणार नाहीत ते आधी.

एक. काट्यावर विश्वास ठेवू नका. बहुतेक गाड्यांचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. ७५ लाही मधोमध, १०० लाही मधोमध, आणि हलला की थेट बोंब. २०२४ च्या मे अखेरीस आपल्या नागपुरात एका हवामान केंद्रानं ५६ डिग्री दाखवले होते, आठवतं? देशभर बातमी, आणि नंतर हवामान खात्यानं सांगितलं सेन्सर बिघडला होता. आधी मोजणारा तपासावा, मग मोजलेलं. स्टेअरिंगखालच्या सॉकेटात लावायचं ब्लूटूथवालं ओबीडी यंत्र मिळतं, मोबाइलवर पाण्याचा खरा आकडा दिसतो. ते घ्या.

दोन. हेड उतरवायच्या आधी हेडची परीक्षा. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीचा वरचा मोठा पाइप दाबा. रात्रभरानंतरही आत दाब असेल तर संशय. मग गार असतानाच झाकण काढा, गळ्यापर्यंत पाणी भरा, स्टार्ट करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे निघतील, ती अडकलेली हवा. पण रेस दिल्यावर सोडा फुटल्यासारखे बुडबुडे येतच राहिले तर ज्वलनाचा वायू पाण्यात येतोय. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा साका आहे का तेही बघा. निळ्या द्रवाची एक नळी मिळते, ती रेडिएटरच्या गळ्यावर धरून वायू ओढायचा; द्रवाचा निळा रंग बदलला तर गॅस्केट गेलं. चांगल्या गॅरेजात असते. या परीक्षा न करता ३८ हजारांचं काम सांगणाऱ्याला नमस्कार करून निघा.

गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. आयुष्यात नाही. मी एकाचा चेहरा भाजलेला पाहिलाय, बाकी वर्णन करत नाही.

तीन. झाकण बदला. शे-दोनशे रुपयांची चीज, पण सगळा खेळ तिच्यावर. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बार. आत तेवढा दाब टिकला तर पाणी १२० च्या पुढं जाईपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग म्हातारी झाली की १०० च्या जरा वर गेलं तरी उकळून बाटलीत. तुमची उकळी बघता झाकणावर माझा संशय आहे. पण लक्षात घ्या, झाकण नवं टाकल्यानं उकळी थांबेल, गरम होणं थांबणार नाही.

चार. फॅन क्लच. तुमच्या गाडीचा पंखा बेल्टवर, मधोमध डबी असलेला. त्या डबीत सिलिकॉनचं घट्ट तेल असतं आणि समोर एक स्प्रिंग. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की स्प्रिंग आतली वाट उघडते, तेल पंख्याला पकडतं आणि पंखा पूर्ण जोरात फिरतो. तोच तो विमानासारखा आवाज. तुम्ही म्हणता आवाज ऐकलाच नाही. इंजिन बंद आणि गार असताना पंखा हातानं फिरवा: थोडा अडत, जड फिरून थांबायला हवा. भिंगरीसारखा दोन-तीन फेरे पळाला तर तेल संपलं. डबीच्या कडेला धूळ चिकटलेला तेलकट डाग आहे का बघा. घाट चढून आल्यावर गाडी बंद केली की गरम पंखा लगेच थांबला पाहिजे, रेंगाळता कामा नये. चालू पंख्यात पेपरची सुरळी घालून बघणारे उस्ताद असतात. त्या फंदात पडू नका.

पाच. थर्मोस्टॅट परत बसवा.

खंबाटकी_चढलेला · १४ मे, सकाळी १०:१५

काका, पाचव्याला आक्षेप. आमच्याकडे कित्येक ट्रकवाले थर्मोस्टॅट काढूनच चालवतात. अडथळा गेला, पाणी मोकळं फिरलं, गाडी थंड. सरळ गोष्ट आहे.

निवृत्त_फिटर · १४ मे, सकाळी ११:४०

सरळ दिसते, आहे वाकडी. थर्मोस्टॅटला दोन तोंडं असतात. थंड इंजिनात तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी आतल्या आत फिरवतो, त्या वाटेला बायपास म्हणतात. तापल्यावर रेडिएटरची वाट उघडते आणि खालची चकती बायपास बंद करते. असल्या डिझाइनमध्ये थर्मोस्टॅट उचलून फेकला की बायपास कायमचा उघडा. मग पाण्याचा एक हिस्सा रेडिएटर न पाहताच परत इंजिनात शिरतो. सपाटीवर गाडी गरजेपेक्षा थंड चालणार, डिझेल जास्त खाणार; आणि घाटात, जिथं पाण्याचा थेंब न् थेंब रेडिएटरमधून जायला हवा, तिथं गरम होणार. झगमग, ओबीडीचा आकडा आला की सपाटीवरचाही सांगा. तो ८० च्या खाली असेल तर माझं म्हणणं पटेल.

नवा घेतला की बसवण्याआधी परीक्षा घ्या. जुन्या पातेल्यात दोरीला लटकवून पाणी तापवा, थर्मामीटर धरा. त्यावर ८२ लिहिलं असेल तर ८२ च्या आसपास उघडायला लागायला हवा, आणि उकळीला पोचेपर्यंत पूर्ण उघडा. नव्यातले पण खराब निघतात.

खंबाटकी_चढलेला · १४ मे, दुपारी १२:०५

बायपासचं माहीत नव्हतं. मान्य.

तर्री_पोहे · १४ मे, दुपारी १२:०९

पुण्याच्या माणसानं "मान्य" लिहिलं. या पोस्टचा स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

झगमग_लायटिंग · १६ मे, दुपारी १२:३०

ओबीडी घेतलं. पहाटे चारला ट्रॉली लावून मुद्दाम सिल्लेवानीला गेलो. डिझेल गेलं, बायको म्हणते तुला वेड लागलंय. आकडे: हवा ३० डिग्री. सौंसरपर्यंत सपाटीवर पाणी ७४. घाटाच्या पायथ्याला ७९, वर पोचेस्तोवर १०१. काटा पूर्ण वेळ मधोमध! ७४ लाही अन् १०१ लाही. गाणी बंद करून चढलो, पंख्याची घूं घूं नाही म्हणजे नाही.

हेडच्या परीक्षा: सकाळी पाइप नरम, बुडबुडे नाहीत, ऑइल काळंच. निळी नळी वाडीच्या एका गॅरेजात लावली, द्रव निळाच राहिला. हेड वाचलं.

आता विचित्र प्रश्नाचं उत्तर. सोबत टेम्परेचरची गन नेली होती. वर पोचल्यावर ट्रॉलीच्या उजव्या चाकाचा ड्रम ५१, डावा ९६. काका, तुम्हाला कसं कळलं?

निवृत्त_फिटर · १६ मे, दुपारी १:१०

कळलं नव्हतं, विचारलं होतं. डाव्या चाकाचे ब्रेक शू सुटत नाहीयेत. चढावर ब्रेक लागायचं काही कारणच नाही, दांडा ताणलेला असतो. स्प्रिंग गंजली असेल किंवा केबल अडकली असेल. तुम्ही ब्रेक लावून घाट चढताय आणि इंजिन त्याचं भाडं भरतंय. शिवाय ड्रम असा तापत राहिला तर बेअरिंगमधलं ग्रीस पातळ होईल, ते आणखी वाईट. गाडी आणि ट्रॉली मिळून एकच यंत्र असतं. घरी येऊन ट्रॉली सोडायची आणि फक्त गाडी मेकॅनिककडं न्यायची, तर हे कधीच सापडत नाही.

७४ पाहिलंत ना? तो काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटचा आकडा.

मेकॅनिकल_गडी · १६ मे, दुपारी ३:४५

एक धोका सांगतो. ३० डिग्रीत १०१ आले म्हणून खूश होऊ नका. रेडिएटर पूर्ण ताकदीनं चालत असला की बाहेरची हवा जितकी डिग्री वर जाते, पाणीही साधारण तितकंच वर जातं. दुपारी ४५ डिग्रीत हाच घाट म्हणजे १०१ अधिक १५, ११६. थकलेलं झाकण असेल तर उकळणारच. म्हणजे मागच्या रविवारचा हिशोब जुळला. पुढं प्रत्येक बदलानंतर पहाटे जो आकडा येईल त्यात १५ मिळवूनच पास-नापास ठरवा.

निवृत्त_फिटर · १६ मे, दुपारी ४:३०

पोरगं रागावण्यासारखं नाही. बरोबर आहे. माझा ठोकताळा असा: घाटात १०५ पर्यंत काळजी नको, ११० दिसले की बाजूला घ्या.

झगमग_लायटिंग · १९ मे, दुपारी १:००

मंडळी, रविवारी पूर्ण दिवस गाडीखाली. क्रॅश गार्ड काढला (२०१७ च्या डिसेंबरात केंद्रानं बेकायदा ठरवला तेव्हापासून काढायचाच होता), एलईडी काढले, मच्छरदाणी काढली. कंडेन्सरचे बोल्ट ढिले करून पुढं झुकवला अन् मधल्या फटीत टॉर्च मारला.

कापूस.

खरंच कापूस! आमचं गोडाऊन कळमेश्वर रोडला, बाजूला जिनिंग. हिवाळाभर रुईचे तंतू उडतात, गाडी रात्रभर तिथंच उभी. तंतू कंडेन्सरच्या पात्यांतून आरपार जाऊन रेडिएटरवर बसले, वर धूळ, वर किडे. नमदा झाला होता, बोटानं सोलून निघाला. एक पिशवी भरली. काटोलकर, तुमच्या गव्हांड्याला सप्रेम नमस्कार.

पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला मारलं, साध्या नळीनं. वॉशिंगवाला प्रेशर गन मारतो म्हणाला, मी नाही म्हटलं, पाती चेपतात. आतलं पाणी सोडलं तर भांड्याच्या बुडाशी पांढरी खर. बोअरच्या पाण्याचा प्रसाद. साफ करणारं द्रव टाकून दोनदा धुतलं, मग बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, रेडिएटरचं तोंड उंच करून हवा काढत भरलं. नवा थर्मोस्टॅट पातेल्यात उकळून पास केला (पातेलं आता घरात परत घेत नाहीत). झाकण नवं. ट्रॉलीच्या डाव्या चाकाची गंजलेली स्प्रिंग बदलली.

आज पहाटे परत घाट. हवा ३०. सपाटीवर ८७, वर पोचलो तेव्हा ९६. दोन्ही ड्रम ५० च्या आसपास.

मेकॅनिकल_गडी · १९ मे, दुपारी १:२०

९६ अधिक १५, १११. सुधारलं, पण अजून पास नाही. आणि तुम्ही एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या, आता कशानं किती फरक पडला ते कसं कळणार?

झगमग_लायटिंग · १९ मे, दुपारी १:२६

भाऊ, मला २४ ला जनरेटर पोचवायचा आहे, पेपर नाही लिहायचा.

निवृत्त_फिटर · १९ मे, दुपारी २:०५

दोघंही आपापल्या जागी ठीक. पंख्याचं काय झालं?

झगमग_लायटिंग · १९ मे, दुपारी २:३०

गार असताना हातानं फिरवला, तीन फेरे भिंगरीसारखा. घाटात वर पोचून बंद केला तर आरामात गरगरत राहिला. डबीभोवती तेलकट काळी कड. म्हणजे गेला नं?

निवृत्त_फिटर · १९ मे, दुपारी २:४०

गेला. आणि कधीचा गेलेला. कंपनीचाच टाका, स्वस्तातला घेऊ नका. क्लच जाम करून पंखा कायम जोडून देतो असं कोणी म्हणेल, तेही नको. मायलेज जाईल, पंपाच्या बेअरिंगवर ताण येईल.

एक राहिलं. वॉटर पंप आणि पंखा दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतात. तिसऱ्या गिअरात १४०० फेऱ्यांवर गुरगुरत चढवलं म्हणजे डिझेल भरपूर जळतंय पण पाणी आणि हवा दोन्ही संथ. दुसऱ्यात टाका, २२००-२४०० वर शांतपणे चढू द्या. इंजिन ओरडतंय असं पोराला वाटेल, पण ते सुखात असतं. एसी बंद. तरी वाढलाच आकडा तर काचा उघडून हीटर पूर्ण चालू करा, तो छोटा रेडिएटरच असतो. मे महिन्यात हीटर म्हणजे शिक्षा आहे, पण हेडपेक्षा स्वस्त. थांबायची वेळ आलीच तर लगेच बंद करू नका, पाणी गळत नसेल तर १२००-१५०० फेऱ्यांवर उभ्यानं चालू ठेवा, पाणी फिरत राहू द्या.

संत्रावाला_काटोल · १९ मे, सायंकाळी ७:१५

दुसरा गिअर. आमच्या बापानं हेच सांगतलं होतं बैलाच्या भाषेत. चढावर बैल पळवाचा नाही, पण थांबू बी द्याचा नाही.

खंबाटकी_चढलेला · २० मे, सकाळी ९:३०

इंटरकूलरचे (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीचे) पाइपही पाहून घ्या. फाटका असेल तर टर्बोची हवा गळते, ओढ कमी होते, ड्रायव्हर पाय आणखी दाबतो आणि काळा धूर व उष्णता दोन्ही वाढतात. माझ्या गाडीत एकदा हेच निघालं होतं.

झगमग_लायटिंग · २० मे, सकाळी १०:००

पाहिले. एक क्लिप ढिली होती, आवळली. धूर पहिल्यापासूनच काळा नव्हता, पण सांगितलं ते बरं केलं.

झगमग_लायटिंग · २५ मे, सकाळी ११:४५

मंडळी, झोपून उठलो, आता लिहितो.

फॅन क्लच २२ ला टाकला, साडेतीन हजार. काल दुपारी दोनला निघालो, मुद्दाम ऊन टाळलं नाही. हवा ४४. सपाटीवर ८९, पायथ्याला ९३. दुसरा गिअर, २३०० फेरे, एसी बंद. ९७ ला पंखा असा दणकन जोडला की शेजारी बसलेला पोट्टा दचकला, म्हणे भाऊ काहीतरी तुटलं. मी म्हटलं बस, हेच ऐकायचं होतं. सर्वात वर १०३, मग शेवटच्या वळणाआधीच १०० वर उतरला. उमरानाल्याला ९०.

पाच-पाच मिनिटांचे सगळे आकडे लिहून ठेवले आहेत, गडीभाऊ, तुम्हाला पाठवतो. पेपर तुम्हीच लिहा.

मेकॅनिकल_गडी · २५ मे, दुपारी १२:०५

पाठवाच. तुमचं १९ तारखेचं पहाटेचं वाचन ४४ च्या हवेवर नेलं तर ११० येतं. काल आले १०३. ही सात डिग्री पंखा, गिअर आणि बंद एसी यांची मिळून. वेगळं करता येत नाही, तरी आकडा मस्त आहे.

निवृत्त_फिटर · २५ मे, दुपारी १:३०

छान. बाटलीची पातळी आठवडाभर रोज सकाळी बघा, हवा सुटून थोडी खाली जाईल, भरा. दर हिवाळ्याच्या शेवटी कंडेन्सर झुकवून फट साफ करा, जिनिंग काही हलणार नाही. आणि गाडी रात्री गोडाऊनच्या दुसऱ्या बाजूला उभी करा, वाऱ्याच्या उलट.

ट्रॉलीचे ड्रम पाहिलेत का काल?

झगमग_लायटिंग · २५ मे, दुपारी १:४५

पाहिले. ५८ आणि ६१.

तर्री_पोहे · २५ मे, दुपारी २:००

ते सारं ठीक. लग्नात लाइट वेळेवर लागली का?

झगमग_लायटिंग · २५ मे, दुपारी २:०४

साडेसहाला सगळं झगमग. वरातीच्या गाडीचा मात्र रामाकोन्याजवळ बॉनेट उघडा दिसला, येताना. ग्रिलवर मच्छरदाणी होती. थांबून काढून दिली.